नवा ट्रॅक्टर सदोष निघाल्यास शेतकऱ्यास मिळणारे कायद्याचे संरक्षण

शेतकरी बैल विकत घेतो तेव्हा त्याचे दात पाहतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच रुपये मोजतो. ही सावधगिरी पिढ्यानपिढ्यांची आहे. परंतु बैलजोडीच्या कितीतरी पट किमतीचा ट्रॅक्टर घेताना तोच शेतकरी विक्रेत्याने पुढे केलेल्या कागदांवर न वाचता सह्या करतो, हार घालून यंत्र घरी आणतो आणि कागद पेटीत ठेवून देतो. पुढे यंत्रात दोष निघाला म्हणजे कायदा त्याच्या बाजूस असतो. परंतु कायद्यापुढे ठेवावयास त्याच्या हाती कागद नसतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल व सावली आणि गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, आरमोरी हा सारा टापू धानाचा आहे. येथे रोवणीचे दिवस मोजके असतात. बांधीत पाणी साचले की चिखलणी व्हावयास हवी. ती आठ-दहा दिवस लांबली तर पऱ्हे जून होतात व उत्पन्न घटते. अशा वेळी नवा ट्रॅक्टर बंद पडणे म्हणजे हंगाम हातचा जाणे होय.

काही वर्षांपूर्वी दौऱ्यावर असताना सिंदेवाही तालुक्यातील एका गावी प्रस्तुत लेखकाने असा एक ट्रॅक्टर अंगणात उभा असलेला पाहिला. पहिल्याच चिखलणीत त्याचा क्लच निकामी झाला होता. विक्रेत्याचा कारागीर तीनदा आला, यंत्र उघडले, जोडले व निघून गेला. प्रत्येक वेळी बोलणे दूरध्वनीवर झाले. मुदत संपल्यावर विक्रेत्याने उत्तर दिले की, हमीच्या काळात आपल्याकडे कोणतीही तक्रार नोंदलेली नाही. शेतकऱ्याचे म्हणणे खरे होते, परंतु ते दाखविणारी एकही चिठ्ठी त्याच्यापाशी नव्हती. हा प्रसंग इतरांवर येऊ नये, हाच या लेखाचा उद्देश आहे.

कायदा कोणता?

आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ साली झाला. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली व तो २० जुलै २०२० पासून अंमलात आला. वस्तूच्या गुणवत्तेत, प्रमाणात, शक्तीत वा दर्जात उणीव असल्यास तो ‘दोष’ होय आणि दुरुस्तीसारख्या सेवेत कसूर झाल्यास ती ‘सेवेतील त्रुटी’ होय, असे या कायद्यात मानले आहे. यास्तव यंत्रात मुळात खोट असणे आणि हमीच्या काळात विक्रेत्याने दुरुस्तीस टाळाटाळ करणे या दोन्ही बाबतीत तक्रार करता येते. ट्रॅक्टर कर्जाने वा हप्त्यांनी घेतला असला तरी हक्कास बाध येत नाही.

शेतकरी ‘ग्राहक’ ठरतो काय?

व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणारा या कायद्याखाली ग्राहक ठरत नाही, आणि विरुद्ध पक्ष बहुधा हाच आक्षेप प्रथम घेतो. तथापि, स्वयंरोजगाराने केवळ आपला चरितार्थ चालविण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी प्रयोजनाची समजली जात नाही, असा खुलासा कायद्यातच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात सांगितले की, वाहन स्वतः चालवून पोट भरणारा मनुष्य एक-दोन मदतनीस घेतो एवढ्याने त्याचे ग्राहकपण जात नाही. मात्र ते सर्वस्वी दुसऱ्याकडून चालवून घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात २०१२ साली त्याच न्यायालयाने बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच होय, असे ठरविले. म्हणून आपल्या शेतीसाठी ट्रॅक्टर घेणाऱ्याने तक्रारीत तसे स्पष्ट लिहावे व सातबारा जोडावा. अनेक ट्रॅक्टर नोकर ठेवून भाड्याने चालविणाऱ्यास मात्र हे संरक्षण मिळणे कठीण.

जबाबदारी विक्रेत्याची की कारखानदाराची?

या संबंधात गोव्यातील एक प्रकरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तेथील एका ग्राहकास २०११ सालचे वाहन म्हणून २००९ सालची, सहाशेहून अधिक किलोमीटर धावलेली मोटार देण्यात आली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, विक्रेत्याच्या अशा कृत्याची कारखानदारास माहिती होती असे सिद्ध झाल्याखेरीज टाटा मोटर्स या कारखानदार कंपनीस जबाबदार धरता येणार नाही. विक्रेत्याची जबाबदारी मात्र सुटली नाही.

यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. पहिली, वाहन जुने देणे, खोटे सांगणे, दुरुस्ती टाळणे हे विक्रेत्याचे दोष. बनावटीतील खोट हा कारखानदाराचा दोष. तक्रारीत कोणाचा कोणता दोष हे वेगवेगळे मांडावे आणि दोघांसही पक्षकार करावे. दुसरी गोष्ट खरेदीच्या वेळच्या तपासणीची.

खरेदीच्या वेळी

(१) ट्रॅक्टरवरील पाटीवरचा चासी क्रमांक व इंजिन क्रमांक बिलाशी आणि नमुना २१ म्हणजे विक्रीच्या दाखल्याशी ताडून पाहावा. या दाखल्यात निर्मितीचा महिना व वर्ष दिलेले असते.

(२) कारखानदाराने दिलेला नमुना २२ म्हणजे वाहन रस्त्यावर चालविण्यास योग्य असल्याचा दाखला मागून घ्यावा.

(३) तासमापकावर किती तास झाले आहेत ते पाहून त्याचे छायाचित्र घ्यावे.

(४) हमीपत्र वाचून घ्यावे. हमी किती वर्षांची वा किती तासांची आहे, कोणते भाग वगळले आहेत आणि कोणत्या चुकीने हमी रद्द होते, हे विचारावे. ठरलेल्या तासांवरील देखभाल चुकविल्यास हमी नाकारण्यास निमित्त मिळते.

मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरच्या नमुन्यांची चाचणी होते. तेथील अहवाल निवड करताना उपयोगी पडतो. परंतु तो त्या नमुन्याविषयी असतो. आपल्या घरी आलेले प्रत्येक यंत्र निर्दोष आहे अशी ग्वाही त्यातून मिळत नाही.

दोष आढळल्यावर

पहिल्याच दिवशी लेखी कळवावे. कारागीर यंत्र उघडील तेव्हा कामाची चिठ्ठी, म्हणजे जॉब कार्ड, मागावे व त्यावर तारीख, तासमापकाचा आकडा आणि दोष आपल्या शब्दांत लिहून सही घ्यावी. त्याच दोषासाठी तो पुन्हा आला तर पुन्हा चिठ्ठी घ्यावी. एकच दोष वारंवार उद्भवल्याचा हा उत्तम पुरावा होय. बदललेल्या भागाची पावती ठेवावी. बाहेरच्या कारागिराकडून यंत्र उघडून घेऊ नये. दाद न मिळाल्यास विक्रेता व कारखानदार या दोघांस पोचपावतीच्या टपालाने नोटीस पाठवावी. तक्रार केली म्हणून बँकेचे हप्ते आपोआप थांबत नाहीत. ते थांबविल्यास वाहन जप्त होण्याचा धोका असतो, हे विसरू नये.

जिल्हा आयोगापुढे

वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करावयाची असते. किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. त्यापुढे १० लाखांपर्यंत २०० रुपये व २० लाखांपर्यंत ४०० रुपये आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार दाखल केली पाहिजे.

बिलावर ‘न्यायक्षेत्र अमुक शहर’ असे छापलेले पाहून पुष्कळ शेतकरी खचतात. परंतु २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ट्रॅक्टर नागपुरास घेतला असला तरी एटापल्लीच्या शेतकऱ्यास गडचिरोलीच्या आयोगाकडे जाता येते. वकील दिलाच पाहिजे असे नाही. तक्रार ई-जागृती या संकेतस्थळावरूनही दाखल करता येते व सुनावणी दूरदृश्य पद्धतीने व्हावी असा अर्ज करता येतो. भामरागड, सिरोंचा यांसारख्या दूरच्या तालुक्यांस ही मोठीच सोय होय. त्यापूर्वी सल्ला हवा असल्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक सहाय्य क्रमांक आहे.

विरुद्ध पक्षास उत्तरासाठी ३० दिवस व फार तर आणखी १५ दिवस मिळतात. दोष तपासणीखेरीज कळण्याजोगा नसल्यास आयोग योग्य प्रयोगशाळेकडून तपासणी करवितो. बनावटीतील खोट सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो, म्हणून जाणकार अभियंत्याचा लेखी अभिप्राय फार उपयोगी ठरतो.

काय मिळू शकते?

दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे आणि नुकसानभरपाई देणे असे आदेश आयोग देऊ शकतो. तथापि अपेक्षा बेताची असावी. मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, हमी सदोष भाग दुरुस्त करण्याची वा बदलण्याची असेल, तर तेवढ्यावरून संपूर्ण वाहन बदलून मागता येत नाही. म्हणून तक्रारीत पर्यायी मागण्या क्रमाने लिहाव्यात. चिखलणीसाठी दुसरा ट्रॅक्टर भाड्याने लावावा लागला असल्यास त्याच्या पावत्याही जोडाव्यात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती

गावात नवा ट्रॅक्टर आला की पूजेच्या दिवशीच त्या घरी जावे व एक वही सुरू करून द्यावी. पहिल्या पानावर चासी क्रमांक, खरेदीची तारीख व हमीची मुदत लिहावी. पुढील पानांवर प्रत्येक देखभाल व प्रत्येक बिघाड नोंदवावा. ज्यांस लिहिता येत नाही त्यांच्यासाठी घरातील शाळकरी मुलास हे काम शिकवावे. बिले, हमीपत्र व चिठ्ठ्या त्याच वहीत टाचून ठेवाव्यात. जो शेतकरी दात पाहून बैल घेतो, त्याने कागद पाहून यंत्र घ्यावे आणि कागद राखून ते वापरावे, म्हणजे गरज पडेल त्या दिवशी कायदा त्याच्या कामी येईल.