औषधाविना ओसरणारा कर्करोग

मूत्रपिंडाचा कर्करोग फुप्फुसांत पसरला की एक्स-रेवर गोल गोल डाग दिसतात. फार थोड्या रोग्यांत हे डाग काही औषध न देताच आकसतात, क्वचित नाहीसेही होतात. पुष्कळदा ते काही काळाने परततात. त्यामुळे याच्या भरवशावर कोणी उपचार लांबवू नयेत. पण हा चमत्कार म्हणून सोडून द्यावा, असेही आम्हाला वाटत नाही.

कॅनडातील मूत्ररोगतज्ज्ञांनी 1998 साली एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गॅमा इंटरफेरॉन हे प्रतिकारशक्ती चेतवणारे प्रथिन पसरलेल्या रोगावर चालते का, हे त्यांना पाहायचे होते. रोग्यांचे दोन गट केले. एकाला इंटरफेरॉनची इंजेक्शने, दुसऱ्याला औषध नसलेली. इंटरफेरॉनच्या गटात 4.4 टक्के रोग्यांच्या गाठी स्पष्टपणे लहान झाल्या किंवा गेल्या. आणि दुसऱ्या गटात? 6.6 टक्के! प्रत्येक गटात साधारण 90 रोगी. तेव्हा हा फरक योगायोगाचाच. दुसरा गट ठेवला नसता तर 4.4 टक्क्यांचे श्रेय औषधाने खाल्ले असते. तुलनेचा गट कशाला, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हे आकडे जरूर दाखवावेत.

मग या गाठी ओसरल्या कशाने? मुख्य संशय आपल्याच प्रतिकारयंत्रणेवर आहे. अमेरिकेत या रोगासाठी 1992 साली मान्य झालेले इंटरल्यूकिन-2 टी-पेशींची वाढ करते; 2015 साली मान्य झालेले निवोलुमॅब त्यांना घातलेला लगाम काढते. गाठीवर थेट घाव दोन्ही औषधे घालत नाहीत. ते काम टी-पेशीच करतात.