मुक्या सोबत्यांच्या तीन अवस्था

मनुष्याला म्हातारपण यावयास साठ-सत्तर वर्षें लागतात. कुत्र्या-मांजरांचा हा सारा प्रवास बारा-पंधरा वर्षांत आटोपतो. घरच्या मंडळींना तें अजून पिल्लूच वाटत असतें, आणि तें मात्र केव्हांच उतारवयाला लागलेलें असतें. ज्या वयाला जी काळजी हवी ती त्याच वयांत घेणें, हें त्यांच्या आरोग्याचें मुख्य सूत्र होय.

प्रथम बाल्यावस्था. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशीं आईच्या चिकांतून रोगप्रतिकारक द्रव्यें पिल्लाला मिळतात. हें संरक्षण कांहीं आठवड्यांनीं ओसरतें. परंतु तें शरीरांत आहे तोंवर लसही निष्फळ ठरते, कारण तीं द्रव्यें लशीचाच प्रतिकार करितात. कोणत्या पिल्लांत तीं केव्हां संपतील, हें बाहेरून ओळखतां येत नाहीं. म्हणून ६ ते ८ आठवड्यांच्या वयापासून १६ आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें लस पुनःपुन्हां टोंचावी लागते. 'एकदां टोंचली, झालें' असें म्हणणाऱ्या घरांत पार्व्होसारख्या प्राणघातक रोगाला वाट मोकळी राहते. कुत्रीच्या पोटांतूनच पिल्लांत जंत उतरतात. त्यांचें औषध दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू करितात. या जंतांचीं अंडीं मातींतून घरच्या मुलांच्याही पोटांत जाऊं शकतात.

तीन महिने झाले कीं रेबीजची लस, ती वर्षानें पुन्हां, व पुढें पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें. लुई पाश्चर यांनीं १८८५ सालीं ही लस मनुष्याला टोंचून दाखविली. तथापि लक्षणें दिसूं लागल्यावर या रोगावर आजही खात्रीचा इलाज नाहीं. दांत किंवा नख लागल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी, आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. कुत्रें घरचेंच आहे, ही सबब येथें चालत नाहीं.

तारुण्यांत रोगापेक्षां लाडच अधिक बाधतात. पानांतील उष्टें घालण्याची आपल्याकडे रीत आहे. पण कांदा-लसणानें या प्राण्यांच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. मांजर तर जात्याच मांसाहारी. टॉरिन नांवाचें द्रव्य त्याच्या शरीरांत पुरेसें तयार होत नाहीं. तें मांसमासळींतून मिळावें लागतें. त्याच्या अभावीं मांजराचा नेत्रपटल झिजतो हें १९७५ सालीं, आणि हृदय दुबळें होतें हें १९८७ सालीं संशोधकांनीं दाखविलें. केवळ दूधभातावर मांजर पोसूं पाहणाऱ्या घरानें याचा आधींच विचार करावा. तसेंच ताप उतरावा म्हणून मांजराला माणसांची पॅरासिटॅमॉलची गोळी देणें म्हणजे विष देणेंच होय.

थोराड जातीचीं कुत्रीं सहा-सात वर्षांतच वृद्धावस्थेंत येतात. लहान जातीचीं कुत्रीं व मांजरें दहाच्या सुमारास. जिना चढतांना थबकणारें कुत्रें आळशी झालेलें नसतें. बहुधा त्याचे सांधे दुखत असतात. मांजर एकाएकीं पुष्कळ पाणी पिऊं लागलें, तर मूत्रपिंडें थकलीं असण्याचा संभव असतो. आणि त्यांचा बराच भाग निकामी झाल्यावांचून बाहेर खूण उमटत नाहीं. यास्तव दर सहा महिन्यांनीं तपासणी करवावी, व महिन्यांतून एकदां वजन घ्यावें. प्राण्याला उचलून काट्यावर उभें राहावें आणि स्वतःचें वजन वजा करावें, कीं काम झालें.

जन्माचा महिना, लशींच्या तारखा व वजनाचे आंकडे एका वहींत टिपून ठेवावे. ज्याला दुखणें सांगतां येत नाहीं, त्याच्या बाबतींत पशुवैद्याला या वहीचाच मोठा आधार असतो.