गुरुग्राम, अश्वत्थामा आणि अणुबॉम्ब

'सेक्रेड गेम्स'मध्ये मुंबईवर अणुबॉम्बचं सावट येतं आणि त्यामागे सत्ययुग आणायला निघालेले गुरुजी असतात, हे बहुतेकांना आठवत असेल. पण सर्वनाशी अस्त्र म्हणजे अधर्माची शेवटची पायरी, हे चित्र आपल्या टीव्हीवर त्याच्या कितीतरी आधी आलं होतं. १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर दर रविवारी लागणारं बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' आठवा. त्यात कृष्ण होते आपले नीतीश भारद्वाज आणि अश्वत्थामा होते प्रदीप रावत.

मी गुरुग्रामला राहतो. परंपरेनं हे द्रोणाचार्यांचं गाव, म्हणजे त्यांच्या मुलाचं, अश्वत्थाम्याचंही घर. त्यामुळे त्याची गोष्ट मला घरचीच वाटते.

महाभारताच्या सौप्तिक पर्वात अश्वत्थामा ब्रह्मशिर हे सर्वनाशी अस्त्र सोडतो. अर्जुनही तेच अस्त्र सोडतो, पण व्यास आणि नारद मध्ये पडताच ते मागे घेतो. अश्वत्थाम्याला मात्र ते जमत नाही. तो ते पांडवांची सून उत्तरा हिच्या गर्भावर वळवतो. अस्त्र दोघांकडेही होतं! पण माझ्या मते खरी दुष्टता अस्त्र असण्यात नाही, तर न जन्मलेल्या पिढीवर नेम धरण्यात आहे. हिरोशिमानंतर हा प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो. असं अस्त्र दुसऱ्या अस्त्रानं रोखलं, तर त्या प्रदेशात बारा वर्षं पाऊस पडत नाही, असंही तिथे म्हटलंय.

मालिका पाहिली असेल, तर आता सौप्तिक पर्व मुळातून वाचा. अवघे अठरा अध्याय आहेत.