वैद्यकीय संकेतांकनाची परीक्षा : निवड व पूर्वतयारी

धान्याच्या पेढीवर आयुष्य घालविलेल्या मनुष्याने वैद्यकीय परीक्षेविषयी लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु हा विषय आता आपल्या घरांत येऊन पोहोचला आहे. विज्ञानाची पदवी घेतलेली आपली मुलेमुली 'मेडिकल कोडिंग'च्या नोकरीसाठी हैदराबाद, चेन्नई, बंगळूर, पुणे येथे जातात. आणि फीचे पैसे मोजण्याची वेळ येते तेव्हा वडीलधाऱ्यांस हे प्रकरण नेमके काय आहे याची कल्पना नसते. मलाही नव्हती. माझ्या नातीसाठी एका शिकवणीवर्गात 'नोकरीची हमी' या दोन शब्दांवर भाळून मी अर्धी फी आगाऊ भरली. पुढे कळले की तेथे जुन्या सालच्या पुस्तकांवर शिकवीत होते व हमी लेखी कोठेच नव्हती. ती रक्कम बुडाली. मूठभर गहू तळहातावर घेऊन पाहिल्याशिवाय पोत्याचा भाव न करणारा मी, येथे मात्र डोळे मिटून व्यवहार करून बसलो. इतरांचे तसे होऊ नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

हे काम काय आहे?

अमेरिकेत रुग्णाच्या उपचाराचे पैसे बहुधा विमा कंपनी किंवा 'मेडिकेअर'सारखी सरकारी योजना देते. त्यासाठी रोग कोणता होता व उपचार कोणता केला, हे ठरीव संकेतांकांत लिहून बिल पाठवावे लागते. डॉक्टरांची टिपणे वाचून ते संकेतांक निवडणे म्हणजे कोडिंग. यातील पुष्कळसे काम आज आपल्या देशात बसून केले जाते.

व्यापाऱ्यास हा प्रकार अगदीच परका नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यापासून गव्हास १००१, तांदळास १००६, ज्वारीस १००७ हे एचएसएन क्रमांक आपल्या परिचयाचे झाले आहेत. क्रमांक चुकला तर कराचा घोळ होतो. तिकडे संकेतांक चुकला तर बिल परत येते.

संकेतांकांची पुस्तके मुख्यतः तीन. पहिले 'आयसीडी-१०-सीएम', ते रोगांचे. याचे मूळ फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या मृत्यूच्या कारणांच्या यादीत आहे. १९४८ पासून या वर्गीकरणाचा सांभाळ जागतिक आरोग्य संघटना करीत आली आहे. अमेरिकेत याची दहावी आवृत्ती १ ऑक्टोबर २०१५ पासून बिलांसाठी लागू झाली. संघटनेची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली, तरी अमेरिकेतील बिले अद्याप दहावीवरच चालतात. म्हणून 'अकरावीचा खास वर्ग' असे सांगून कोणी पैसे मागितल्यास सावध असावे. दुसरे पुस्तक 'सीपीटी', डॉक्टरांनी केलेल्या कामांचे. ते अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. तिसरे 'हिक्पिक्स'चा दुसरा भाग. रुग्णवाहिका, उपकरणे, काही औषधे यांचे संकेतांक त्यात असतात.

एक उदाहरण घेऊ. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असून त्यापासून अन्य उपद्रव नसेल, तर संकेतांक ई११.९. त्याच रुग्णास मधुमेहामुळे मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार जडला असेल, तर ई११.२२, आणि तो विकार कोणत्या पायरीवर आहे हे सांगण्यासाठी एन१८ या गटातील आणखी एक संकेतांक. डॉक्टरांच्या टिपणातील एक ओळ वाचावयाची राहिली की सारे बिल बदलते.

परीक्षा कोणती निवडावी?

प्रमाणपत्र देणाऱ्या दोन अमेरिकन संस्था प्रमुख आहेत. एक 'एएपीसी', स्थापना १९८८. दुसरी 'अहिमा', हिचे मूळ १९२८ मधील. दोहोंच्या परीक्षा अनेक आहेत, आणि नवशिक्याचा गोंधळ येथेच होतो. निवडीचा नियम साधा आहे : ज्या कामावर बसावयाचे त्या कामाची परीक्षा द्यावी. डॉक्टरांच्या सेवांचे कोडिंग करावयाचे असल्यास एएपीसीची 'सीपीसी'. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागासाठी 'सीओसी'. दाखल रुग्णांसाठी 'सीआयसी'. आणि जुनाट आजारांवरून रुग्णाच्या जोखमीचा हिशेब मांडण्याच्या कामासाठी 'सीआरसी'. अहिमाची 'सीसीए' ही प्रवेशाची पायरी असून 'सीसीएस' ही रुग्णालयातील कामाची वरची परीक्षा आहे. नवीन येणाऱ्यास बहुधा सीपीसी सोयीची पडते. तथापि ज्या गावी नोकरी करावयाची तेथील चार-पाच जाहिराती आधी वाचाव्या व त्या कोणते प्रमाणपत्र मागतात ते पाहावे. जीवशास्त्र, औषधनिर्माण, परिचर्या किंवा फिजिओथेरपी शिकलेल्यांस या कामात अधिक वाव मिळतो. वाणिज्य शाखेच्या मुलास हे अशक्य नाही, परंतु शरीरशास्त्र त्यास मुळापासून शिकावे लागेल.

आणखी एक गोष्ट शिकवणीवर्ग सहसा सांगत नाहीत. अनुभव नसताना सीपीसी उत्तीर्ण झालेल्याच्या पदवीपुढे 'ए' हे उमेदवारीचे अक्षर लागते. ते काढण्याचा एक मार्ग म्हणजे दोन वर्षांच्या प्रत्यक्ष कामाचे दाखले देणे. शिवाय संस्थेचे सभासदत्व चालू ठेवून दर दोन वर्षांत ३६ गुणांचे पुढील शिक्षण पुरे करावे लागते. म्हणजे हा एकदाच करावयाचा खर्च नव्हे.

पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे. या रकमेत परीक्षेचे शुल्क व सभासदत्व धरले आहे काय? पुस्तके चालू सालची आहेत काय? आणि नोकरीची हमी असल्यास ती कोणत्या अटींवर, हे लिहून मिळेल काय? तिन्ही उत्तरे कागदावर मिळाल्यावाचून पिशवी सोडू नये.

पूर्वतयारी

सीपीसीच्या परीक्षेत १०० प्रश्न असतात, वेळ चार तास, आणि उत्तीर्ण होण्यास शेकडा ७० गुण लागतात. ठरवून दिलेली पुस्तके जवळ बाळगण्याची मुभा असते. हे ऐकून मी नातीस म्हणालो, "मग अवघड ते काय?" ती म्हणाली, "आजोबा, गोदामात माल आहे म्हणून गिऱ्हाईक थांबत नाही. कोणते पोते कुठे आहे ते ठाऊक हवे." हिशेब केला तर एका प्रश्नास २ मिनिटे २४ सेकंद मिळतात. तिच्या पहिल्या सराव परीक्षेत वेळ संपली तेव्हा ३१ प्रश्न कोरे होते.

म्हणून तयारीचा क्रम महत्त्वाचा. आधी शरीररचना व वैद्यकीय शब्द. 'गॅस्ट्रोटमी' म्हणजे जठरास छेद घेणे, 'गॅस्ट्रोस्टमी' म्हणजे जठरास बाहेर तोंड करणे, आणि 'गॅस्ट्रेक्टमी' म्हणजे जठर किंवा त्याचा भाग काढून टाकणे. शेवटच्या दोन-तीन अक्षरांनी सारी शस्त्रक्रिया बदलते. त्यानंतर पुस्तकांच्या आरंभीचे नियम वाचावे. आयसीडीच्या वर्णानुक्रम सूचीत शब्द शोधावा, पण तेथेच न थांबता मुख्य यादीत जाऊन संकेतांकाखालच्या सूचना पाहाव्या. कोणते दोन संकेतांक एकत्र लिहू नयेत, कोणता आधी लिहावा, कोणता जोडून द्यावा, हे तेथेच असते. तिसरी पायरी घड्याळ लावून सराव. अडलेला प्रश्न खूण करून सोडावा व शेवटी त्याकडे परत यावे.

रोगांच्या संकेतांकांतील मुख्य बदल दर वर्षी १ ऑक्टोबरला व सीपीटीमधील १ जानेवारीला लागू होतात, हे ध्यानात ठेवून पुस्तके घ्यावी. नातीस पहिल्या खेपेस चार गुण कमी पडले. दुसऱ्या खेपेस ती उत्तीर्ण झाली. पुन्हा बसावे लागल्यास काय खर्च येईल, हेही आधीच विचारून ठेवणे शहाणपणाचे.

लिहिले तेवढेच

या विद्येचा गाभा मला एका नियमात दिसला. बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टरांनी 'न्यूमोनियाचा संशय' असे लिहिले, तर न्यूमोनियाचा संकेतांक देता येत नाही; खोकला, ताप अशी जी लक्षणे नोंदली असतील तीच द्यावयाची. दाखल असलेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र, घरी सोडतानाही निदान 'संभाव्य' असेच लिहिले असेल, तर रुग्णालयाच्या बिलात ते असल्याप्रमाणे धरण्याचा नियम आहे. परीक्षेत असे बारकावे विचारतात. पण नोकरीत याहून मोठी परीक्षा असते. अधिक पैसे मिळावे म्हणून केलेल्या उपचारापेक्षा वरचा संकेतांक लावण्याचा मोह तेथे असतो. आणि सरकारकडे खोटी मागणी करण्याविरुद्ध अमेरिकेत १८६३ पासून कायदा आहे.

आपणांस तो कायदा नवा वाटू नये. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, सांगितली आहे. आणि अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत कमीअधिक मापे ठेवणे. आपल्या वाडवडिलांनी तराजूपाशी जे सांभाळले, तेच आपल्या मुलांनी संगणकापाशी सांभाळावयाचे आहे. आता संगणक स्वतः संकेतांक सुचवू लागला आहे. तो बरोबर आहे की नाही हे टिपणाशी ताडून पाहणारा जाणता मनुष्यच पुढे टिकेल, असे मला वाटते.

शेवटी एक विनंती. जी मुले उत्तीर्ण झाली आहेत त्यांनी आपली मागील सालची पुस्तके संघाच्या कार्यालयात आणून द्यावी. परीक्षेस ती चालणार नाहीत; परंतु हे काम आपल्याला झेपेल किंवा नाही, हे पारखून पाहण्यास नवीन मुलांस त्यांचा उपयोग होईल, आणि एखाद्या घरची आगाऊ फी वाचेल. नातीचा संच मी आणून ठेवला आहे.