पंधरा कोटी अंशांची तजवीज

१९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनीव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांविषयी जी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिच्या अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभा यांनी असे भाकीत केले होते की, अणुकेंद्रकांच्या संमीलनातील ऊर्जा नियंत्रित रीतीने मुक्त करण्याचा मार्ग येत्या दोन दशकांत मनुष्याला सापडेल. त्या मार्गावरील चढण अंदाजाहून फार खडी निघाली, आणि तिचा एक अवघड टप्पा म्हणजे प्लाझ्मा तापविण्याचा प्रश्न होय. सूर्याच्या गाभ्यात गुरुत्वाकर्षणाचा दाब प्रचंड आणि वेळ मुबलक, म्हणून तेथे दीड कोटी अंशांवर काम भागते. पृथ्वीवर, चुंबकीय क्षेत्राने कसाबसा आवरून धरलेल्या विरळ वायूकडून तीच कामगिरी करवून घ्यायची, तर ड्यूटेरियम व ट्रिटियम यांचे मिश्रण सुमारे पंधरा कोटी अंशांपर्यंत न्यावे लागते.

टोकामाक नामक कंकणाकृती पात्रात आरंभीची उष्णता अनायासे मिळते. प्लाझ्मातून वाहणारा प्रबळ विद्युत्प्रवाह, शेगडीतील तारेप्रमाणे, त्याला स्वतःच्या रोधानेच तापवितो. परंतु तारेचा रोध उष्णतेबरोबर वाढतो, तर प्लाझ्माचा घटतो; तापमान चौपट झाले की रोध अष्टमांशावर येतो. यामुळे दोन-तीन कोटी अंशांच्या सुमारास हा उपाय थकतो आणि पुढील उष्णता बाहेरून पोहोचविण्याची स्वतंत्र तजवीज करावी लागते.

त्या तजविजीचे एक मूलतत्त्व पुण्यात, मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचे निवासस्थान एके काळी जेथे होते त्या गणेशखिंडीच्या आवारात, विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातील संशोधकांनी हाताळलेले आहे. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन बलरेषेभोवती फेरे घेतो आणि त्या फेऱ्यांची गती क्षेत्राच्या तीव्रतेवर ठरते: एक टेस्लामागे सेकंदाला २८ अब्ज फेरे. तेवढ्याच वारंवारितेची लहर सोडली, तर प्रत्येक फेऱ्यात इलेक्ट्रॉनला नेमक्या क्षणी रेटा मिळून तो ऊर्जा शोषीत जातो. हाच सायक्लोट्रॉन अनुनाद. अशा प्रयोगशाळेतील पात्रातून हवा उपसून अल्पदाबाचा वायू भरतात, २.४५ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरी आत सोडतात, आणि वेटोळ्यांचे क्षेत्र जेथे ८७५ गॉस भरते तेथे त्या वायूचा तेजस्वी प्लाझ्मा होतो. पुण्यात त्याचा उपयोग पॉलिमरांच्या पृष्ठभागावर संस्कार करण्यासाठी झाला. तेथे कोट्यवधी अंशांची गरजच नव्हती.

तथापि नियम तोच राहतो. गुजरातेत गांधीनगराजवळ १९८९ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘आदित्य’ टोकामाकाचे क्षेत्र दीड टेस्लापर्यंत जाते. दीडाला २८ ने गुणले की ४२ येतात, आणि तेथे योजलेल्या, अशा लहरी निर्माण करणाऱ्या जायरोट्रॉन यंत्राची वारंवारिता ४२ गिगाहर्ट्झच आहे. फ्रान्समधील कादाराश येथे उभारल्या जाणाऱ्या, भारत ज्यात भागीदार आहे अशा ‘इटर’ प्रकल्पात हा आकडा १७० वर जातो; तेथील प्रत्येक जायरोट्रॉन दहा लाख वॅट शक्तीची लहर देतो, आणि ती बाहेर पडण्याचे गवाक्ष कृत्रिम हिऱ्याचे करावे लागते, कारण अन्य पदार्थ तो ताप सोसत नाहीत.

इलेक्ट्रॉनांहून हजारो पटींनी जड असलेले आयन सावकाश फिरतात, म्हणून त्यांच्यासाठी काही कोटी हर्ट्झच्या रेडिओलहरी पुरतात. ‘इटर’साठी त्या लहरींची उगमयंत्रे पुरविण्याची जबाबदारी भारताने पत्करली आहे. तिसरा उपाय वेगवान अणूंच्या झोताचा. विद्युत्भारित कणांना चुंबकीय क्षेत्र आत शिरू देत नाही, यास्तव आयनांना आधी वेग देऊन मग त्यांचा भार काढून घेतात, आणि उदासीन झालेले अणू आत जाऊन टकरींतून आपली ऊर्जा प्लाझ्माला वाटून देतात.

या साऱ्या खटाटोपाचे साध्य एकच आहे. संमीलनात जन्मणाऱ्या हेलियम केंद्रकाच्या वाट्याला एकूण ऊर्जेचा पाचवा हिस्सा येतो. तो प्लाझ्मातच राहून त्याला तापवू लागला, म्हणजे बाहेरची मदत उत्तरोत्तर कमी लागेल. ५० मेगावॅट उष्णता देऊन ५०० मेगावॅट संमीलनशक्ती मिळविणे, हे ‘इटर’चे उद्दिष्ट याच आशेवर उभे आहे.

एवढ्या विशाल कार्याला लागणारी माणसे मात्र लहान पात्रांवरच तयार होतात. ८७५ गॉसचे क्षेत्र ज्याने स्वतः जुळविले, त्याला सहा टेस्लाचे गणित परके वाटत नाही. म्हणून विद्यापीठांच्या अंदाजपत्रकांची मुखत्यारी ज्यांच्याकडे आहे, त्यांना आग्रहाची विनंती की, प्लाझ्माच्या छोट्या प्रयोगशाळांसाठी दरसाल निश्चित तरतूद करावी आणि त्यांची दारे पदवीच्या विद्यार्थ्यांनाही खुली ठेवावीत.