सेटिंग बदलते, पण टिकत नाही

मित्राचा तो डेस्कटॉप म्हणजे हौसेचं काम. ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’चं पुस्तक समोर ठेवून, एकेक पॅकेज स्वतः कंपाइल करून उभारलेला. सगळं उत्तम चाललं होतं, फक्त टेक्स्ट एडिटर विसराळू निघाला. फॉन्ट मोठा करा, ओळींचे क्रमांक लावा, बंद करून पुन्हा उघडा, की गाडी मूळ पदावर. गंमत म्हणजे लिहिलेला मजकूर बिनबोभाट सेव्ह व्हायचा.

अशा वेळी पहिला संशय परवानग्यांवर जातो आणि तो रास्तही असतो. कधीतरी सुडो लावून एखादा ग्राफिकल प्रोग्राम चालवलेला असतो आणि होममधल्या कॉन्फिग फोल्डरची मालकी गुपचूप रूटकडे गेलेली असते. इथे मालक मित्रच होता, डिस्कवर जागाही होती.

मग एडिटर मेनूतून न उघडता टर्मिनलमधून उघडला. पहिल्याच ओळीत कबुली: ‘मेमरी’ बॅकएंड वापरात आहे, सेटिंग्ज जतन होणार नाहीत. मेनूतून प्रोग्राम उघडणाऱ्याला ही ओळ दिसणार कुठून? माझ्या मते ती सेटिंग्जच्या खिडकीतच दिसायला हवी.

जीटीकेवर बांधलेले असे प्रोग्राम सहसा सेटिंग स्वतः लिहीत नाहीत, जीलिबमधल्या जीसेटिंग्जकडे सोपवतात. लिनक्सवर ती डिस्कवर नेण्याचं काम डीकॉन्फचं. पण डीकॉन्फ हे वेगळं पॅकेज, प्रोग्राम चालू होताना मॉड्यूल म्हणून जोडलं जाणारं. ते सापडलं नाही तर जीलिब अडून बसत नाही, मेमरीवर भागवते. कारकून रजेवर, पण अर्ज घ्यायची खिडकी उघडी, असा प्रकार. खात्री करायला टर्मिनलमध्ये ‘जीसेटिंग्ज सेट’ने किंमत बदलली. एरर नाही. लगेच ‘गेट’ने विचारलं, तर जुनीच किंमत. दोन्ही आज्ञा वेगवेगळ्या प्रोसेस, त्यामुळे पहिलीच्या मेमरीतलं तिच्याबरोबरच गेलं.

“डीकॉन्फ तर मी टाकलंय,” मित्र म्हणाला. खरंच होतं, पण यूएसआरमध्ये. नंतर त्याने नवी जीलिब यूएसआर-लोकलमध्ये कंपाइल केली होती, आणि जीलिबची मॉड्यूल शोधायची जागा कंपाइल होतानाच ठरते. एसट्रेस लावल्यावर ते उघड दिसलं: एडिटर यूएसआर-लोकलखालचं मॉड्यूल फोल्डर उघडू पाहतोय, आणि उत्तर येतंय की असं फोल्डरच नाही. जीआयओ-एक्स्ट्रा-मॉड्यूल्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये जुन्या जागेचा पत्ता दिला आणि तो संदेश गेला.

सेटिंग तरीही राहिना. आता तक्रार वेगळी होती: डीकॉन्फला बदल नोंदवता येत नाहीत. डीकॉन्फ वाचताना फाइल थेट वाचतं, पण लिहिताना डी-बसमार्फत एका वेगळ्या सर्व्हिसला सांगतं. म्हणून वाचन सुरळीत आणि लेखन ठप्प, असं होऊ शकतं. हा गडी स्टार्टएक्सने थेट विंडो मॅनेजर सुरू करणारा, त्याच्या सेशनला डी-बस नव्हतीच. गरज पडल्यावर ती आपोआप सुरू व्हायची सोय असते, पण त्याने डी-बस बांधली एक्सच्या आधी, आणि एक्स नसल्याने ती सोय कंपाइल होतानाच गळली. तसं एररमध्ये स्पष्ट लिहिलंही होतं. तयार डिस्ट्रोमध्ये हा क्रम पॅकेज बांधणारे सांभाळतात. इथे ते काम त्याच्याच गळ्यात होतं, आणि दोष एडिटरच्या माथी.

एक्सइनिटआरसीत विंडो मॅनेजरच्या आधी डीबस-रन-सेशन घातलं. एका टर्मिनलमध्ये ‘डीकॉन्फ वॉच’ लावून फॉन्ट बदलला, तशी तिथे नवी किंमत उमटली. कॉन्फिगमधल्या डीकॉन्फच्या फाइलची वेळही बदलली. ती फाइल बायनरी असते, कॅटने उघडून काही कळत नाही.

यूएसआर-लोकलमधली जीलिब काढून टाक, असं मी सुचवलं, कारण व्हेरिएबल म्हणजे ठिगळच. त्याला ते पटलं नाही. नवी जीलिब त्याला दुसऱ्या एका प्रोग्रामसाठी हवी होती. शेवटी त्याने डीकॉन्फच पुन्हा यूएसआर-लोकलमध्ये बांधायला घेतलं.