आशियाच्या कलेचा अभ्यासक्रम

एखाद्या महाविद्यालयानें आशियाच्या कलेचा इतिहास शिकविण्याचें ठरविलें, म्हणजे पहिली अडचण उभी राहते ती वेळेची. सत्र अवघें पंधरा-सोळा आठवड्यांचें. विषय मात्र इराणपासून जपानपर्यंत पसरलेला आणि कित्येक सहस्र वर्षांचा. अशा वेळीं देशवार वांटणी करण्याचा मोह होतो: चार आठवडे भारत, चार चीन, दोन जपान. मग राजघराणीं आणि सनावळ्या यांची लांबलचक यादी तयार होते, आणि परीक्षेबरोबर तीहि विसरली जाते. विद्यार्थ्यास नांवें मिळतात, दृष्टि मिळत नाहीं.

‘आशिया’ हें नांवच मुळीं ग्रीकांकडून आलेलें. जपानी विचारवंत ओकाकुरा यांनीं १९०३ सालच्या आपल्या ग्रंथांत आशियाच्या एकतेचा पुरस्कार केला. तो विचार स्फूर्तिदायक खरा. परंतु ही एकता वर्गांत गृहीत धरून चालत नाहीं, ती पारखून घ्यावी लागते.

त्यासाठीं एकच वस्तु निवडून तिच्या मागोमाग जाणें हा उत्तम मार्ग होय. उदाहरणार्थ, लेणें. अजिंठ्यास कारागिरांनीं काळ्या पाषाणाचा कडा वरून खालीं कोरीत नेला. छत आधीं, भुई शेवटीं. चीनच्या वायव्य सीमेवरील तुन्हुआंग येथें इ. स. ३६६ पासून लेणीं खोदलीं गेलीं अशी परंपरा आहे. तेथील कडा वाळू-गोट्यांचा, त्यांत मूर्ति कोरणें कठीण. म्हणून मूर्ति मातीच्या घडविल्या आणि भिंती रंगविल्या. युन्‌गांग येथें ४६० च्या सुमारास उत्तर वेई राजांच्या आश्रयानें वालुकाश्मांत प्रचंड बुद्धमूर्ति उभ्या राहिल्या. कोरियांत दगड ग्रॅनाइटचा. म्हणून आठव्या शतकांत सोक्कुराम येथें लेणें खोदलें नाहीं, तर चिरे जुळवून बांधलें आणि वर माती लोटली. खोदलेलें लेणें नव्हतें तर लेण्याचा आभास निर्माण केला! एवढा खटाटोप कशासाठीं, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनांत उभा राहिला, कीं व्यापारी मार्ग, राजाश्रय आणि उपासना यांचा इतिहास आपोआप त्याच्यामागून येतो.

अभ्यासक्रमांत वादासहि स्थान हवें. बुद्धाची मानवी मूर्ति प्रथम गांधारांत, ग्रीक कलेच्या संस्कारानें घडली, असें फ्रेंच पंडित फूशे यांचें मत होतें. आनंद कुमारस्वामी यांनीं १९२७ मध्यें त्याचें खंडन करून मथुरेच्या यक्षमूर्तींकडे बोट दाखविलें. दोन्हीं ठिकाणच्या मूर्तींचीं छायाचित्रें शेजारीं ठेवून विद्यार्थ्यांस वस्त्राच्या चुण्या, खांदे आणि मुद्रा पाहावयास सांगावें, आणि मगच दोन्हीं बाजूंचे लेख हातीं द्यावे.

तथापि एका सूत्रांत सारें आशियाखंड ओंवलें जात नाहीं. इराणची मशीद आणि चीनचें अक्षरलेखन लेण्याबाहेरच राहतात. त्यांच्यासाठीं ‘अक्षर’ हें दुसरें सूत्र घ्यावें. कारण चीनची तूलिका आणि इस्लामी देशांतील बोरू, दोहोंनींहि सुंदर अक्षरास श्रेष्ठ कलेचें स्थान दिलें. इतकें करूनहि जें वगळलें, तें पहिल्याच दिवशीं स्पष्ट सांगावें.

शिवाय, छायाचित्र म्हणजे वस्तु नव्हे. बामियानचे विशाल बुद्ध २००१ सालीं उद्ध्वस्त झाले. आतां ते चित्रांतच पाहावे लागतात. म्हणून जें जवळ आहे, तें प्रत्यक्ष दाखविणें अगत्याचें. मुंबईच्या महाविद्यालयास कान्हेरीचीं लेणीं आणि छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांतील टाटांच्या संग्रहाच्या चिनी-जपानी वस्तु हाताशीं आहेत.

शेवटच्या परीक्षेंत सन विचारूं नये. पूर्वीं न पाहिलेली एक मूर्ति समोर ठेवावी आणि विचारावें: ही कशाची, कोणासाठीं, आणि कोणत्या वाटेनें येथवर आली असेल? याचें सकारण उत्तर विद्यार्थ्यास देतां आलें, तर अभ्यासक्रम सफल झाला असें समजावें.